मोशीच्या भिंतीवरचा चारबोट्या

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. भुतांचाही माझ्यावर नसावा, कारण इतक्या वर्षांत एकानेही भेट दिली नव्हती. आणि हा अनुभव बिअर कंपनीतला आहे म्हटल्यावर तुम्ही गालात हसणार, म्हणून आधीच सांगतो – मला बिअर सोसत नाही. दोन घोटांत उचकी लागते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. चिंचवडजवळच्या एका छोट्या बिअर कंपनीत मी 'पब्लिसिटी विभाग' होतो. म्हणजे मी, एक शिडी आणि रंगाचे डबे. मोशीला, नाशिक रस्त्याला लागून एका गोदामाची भिंत जाहिरातीसाठी घेतलेली. मॅनेजरसाहेबांची ऑर्डर – "मागे बर्फाचे डोंगर, पुढे ग्लास घेऊन बसलेला खुशालचेंडू. बघूनच गार वाटलं पाहिजे."

पांढरा रंग अर्ध्यात संपला. मग बर्फाच्या डोंगरांची मी दगडखाण करून टाकली... काळा कातळ, कडेला वीज पडून दुभंगलेला कडुलिंब. माणसाचा चेहरा मनानेच काढला. गालावर रंगाचा थेंब पडला, त्याची चामखीळ केली. शिडीवरून उतरलो, लांब जाऊन पाहिलं आणि – ग्लास धरलेल्या उजव्या हाताला चारच बोटं! अंगठ्याशेजारचं बोट मी विसरलोच होतो.

"वा!" संध्याकाळी भिंत बघायला आलेले साहेब म्हणाले. "आमची बिअर प्या, बोटं झडतील – असंच ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या टेम्पोतून बोट बसवायला गेलो, तर भिंतीखाली एक बाई वर बघत उभी.

"ह्यायला कुठं बघितलं तुमी?"

"कुणाला?"

"लेकरायच्या बापाला." तिने भिंतीकडे हात केला.

मी चक्क हसलो. "अहो बाई, हा माणूस कुठेच नाही. माझ्या डोक्यातला आहे."

"मग ती चामखीळ? आन् बोट? कंपनीत पॉवर प्रेसमधी गेलं त्यायचं. काम सुटलं, तवापासून घरला आले नाहीत. दोन दिवाळ्या झाल्या. उद्या दीर येणार हाय परभणीहून. म्हणतो, गेला आसंल, कुंकू पूस, दिवस उरकू... साहेब, पुसू का म्या?"

मी हातातला ब्रश डब्यावर ठेवला. तेवढ्यात आमचा टेम्पोवाला नामदेव बिडी ओढत मागे येऊन उभा राहिला. तो तळेगावचा.

"राव, ही खाण आमच्याकडची हाय की! बंद पडलीया. ह्ये फुटकं झाड बी तिथलंच. तुमी कवा गेलता?"

तळेगाव मी फक्त लोकलच्या खिडकीतून पाहिलेलं. खाणीचं नावही ऐकलं नव्हतं. बाई मात्र तोवर टेम्पोत चढून बसली होती.

चाकणमार्गे निघालो. मागे बाटल्यांचे क्रेट खणखणत होते, मध्ये बाई पुढच्या रस्त्यावर नजर लावून बसलेली. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होतो – तिथे कुणी नसणार, आणि या बाईला परत आणायचं माझ्याच नशिबी येणार.

भर दुपारी खाणीत उतरलो. दुभंगलेला कडुलिंब. त्याखाली दगडावर एक दाढी वाढलेला माणूस. गालावर चामखीळ. उजव्या हातात उंच धरलेला ॲल्युमिनियमचा रिकामा पेला, आणि त्यावर चारच बोटं.

बाई धावली, त्याच्या गळ्यात पडली. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि फोटो काढून घेणाऱ्या माणसासारखे ओठ न हलवता म्हणाला,

"झालं का हो पेंटर? हात लई भरून आला."

 नामदेवच्या तोंडातली बिडी गळून पडली.

"उठा, घरी चला," बाई त्याला ओढत होती. तो तसूभर हलेना. शेवटी ती माझ्यावरच ओरडली, "तुमचं ऐकतेत ते! सांगा की!"

"झालं," मी कसंबसं म्हणालो. "हला आता."

हात खाली आला. पेला दगडावर वाजत गेला. मग कुठे त्याला बायको दिसली.

"अगं, तू कवा आलीस?"

दुसऱ्या दिवशी दीर आला, तेव्हा दार तिच्या नवऱ्यानेच उघडलं म्हणे. एवढा काळ कुठे होता, हे त्याला कधीच सांगता आलं नाही.

मी खूप डोकं खाजवलं. कंपन्यांची शिफ्ट सुटताना त्याला गर्दीत पाहिलं असेल, खाण कुठल्या फोटोत पाहिली असेल... एक वेळ मानतो. पण त्याने मला कुठे पाहिलं होतं?