द्राक्षबागेतला तंबू आणि गार्गीची सुई

गेल्या जूनपासून आम्ही चौघांनी घराबाहेर एकही रात्र काढली नव्हती. जूनमध्ये आमच्या गार्गीला, वयाच्या दहाव्या वर्षी, मधुमेह असल्याचं कळलं. लहान मुलांना होतो तो, म्हणजे गोळ्या-पथ्यावर न भागणारा, रोज इन्सुलिन टोचून घ्यायला लावणारा. तेव्हापासून तिच्या सगळ्या सुया मीच टोचत होते. लग्न, मुंज, मामाचं गाव, सगळं बंद. नाशिकमध्ये सिडकोतलं घर, तिची शाळा, माझी शाळा (मी गणित शिकवते) आणि दवाखाना. बस.

जानेवारीत गार्गीनेच पेपरातली एक छोटी जाहिरात कापून फ्रीजवर लावली. विंचूरजवळ एका द्राक्षबागेत तंबूत राहायची सोय. माझी एक मैत्रीण म्हणाली, परदेशात याला ‘ग्लॅम्पिंग’ म्हणतात. म्हणजे तंबू खरा, पण आत गादी, उशी आणि गरम पाण्याची बादली. मी डॉक्टरांकडे गेले ते त्यांनी नाही म्हणावं म्हणून. ते म्हणाले, “मग जा की! विचारता काय?”

मी म्हटलं, “तिथे काही झालं तर?”

“घरी काही झालं तर जे कराल तेच करायचं.”

झालं, ठरलं.

शनिवारी सकाळी आठला निघालो. आमची जुनी मारुती, माझा नवरा सतीश चालवायला, मागे गार्गी आणि तिचा सहा वर्षांचा भाऊ ओम. माझ्या मांडीवर निळा पाऊच होता. त्यात इन्सुलिन, सुया, साखर तपासायचं यंत्र, ग्लुकोजची पूड आणि बिस्किटं. औरंगाबाद रोडने चांदोरी, निफाड करत विंचूर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. रस्ता बरा आहे, फक्त निफाडच्या पुढे उसाच्या बैलगाड्या आणि कांद्याचे ट्रॅक्टर लागतात, घाई करू नका. निफाडला चहा घेतला. थंडी अशी की ओम बोलताना तोंडातून वाफ निघते का ते बघण्यासाठी उगाच बोलत होता.

विंचूरच्या अलीकडे डावीकडे कच्चा रस्ता आहे. पाटी लहान आहे, चुकते. आम्हीही चुकलो आणि एका कांद्याच्या चाळीपाशी जाऊन थांबलो.

बागेच्या मालकीणबाई मंदाताई फाटकाशीच उभ्या होत्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, डोक्याला मफलर, पायात बूट. यजमानांसोबत आठ एकर द्राक्ष त्या बघतात आणि तंबूंचा उद्योग एकट्या त्यांचा. तंबू चारच. आत लोखंडी पलंग, जाड गाद्या, दोन-दोन रजया, मागच्या बाजूला चेन लावून बंद होणारं न्हाणीघर. एका तंबूचे रात्रीचे अठराशे, दोन वेळचं जेवण आणि नाश्ता धरून. भारनियमन असतं, तेव्हा मोबाइल घरूनच चार्ज करून आणा. आणि दोन स्वेटर आणा. मी एकेकच आणला होता, ती चूक तुम्ही करू नका.

मंदाताईंनी पहिल्याच मिनिटाला मुलांना नियम सांगितला. “घडाला हात नाय लावायचा. हा माल बाहेरदेशी जातो. वरची पांढरी लव पुसली ना, की घड गेला.”

माझा नियम मी गाडीतच सांगून ठेवला होता. द्राक्षं खायची नाहीत. साखर वाढते.

ओमला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. बागेतले कितीतरी घड वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते. “द्राक्षं पेपर वाचतात का?”

मंदाताई खळखळून हसल्या. “थंडीत मणी गुलाबी पडत्यात रे. हिरवेच राहायला पायजे, म्हणून कागुद.” मग दुपारभर ओम वेलींच्या मांडवाखाली उताणा पडून घडांवरचे मथळे जोडाक्षरांसकट मोठ्याने वाचत होता. शाळेत धड्याचं एक पान वाचताना हाच मुलगा तीनदा पाणी प्यायला उठतो.

जेवण साडेबाराला. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, कांद्याची पात, ताक. जेवणाआधी मी गार्गीला तंबूत नेऊन, चेन लावून सुई टोचली. बाहेर आलो तर मंदाताई ताट वाढत थांबल्या होत्या. त्यांनी सरळ गार्गीलाच विचारलं, “कशाची सुई घेती गं?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण गार्गी बोलूनही गेली. “इन्सुलिनची. माझ्या पोटात ते तयारच होत नाही.”

“आमच्या सासूबाईंना बी शुगर हाय. त्या गोळी घेत्यात.”

“ती वेगळी. मला गोळी चालत नाही.”

“मग हे टोचल्यावर जातं कुठं?”

“रक्तात. मग जेवणातली साखर अंगाला लागते. नाहीतर नुसतीच रक्तात फिरत बसते.”

मंदाताईंनी विचार केला. “म्हंजी आपण ठिबकमधून खत सोडतो तसं. योग्य येळेला, योग्य तेवढं. जास्त झालं तर?”

“जास्त झालं तर साखर उतरते. हात थरथरतात, घाम येतो. मग लगेच गोड खायचं.”

मी भाकरी मोडता मोडता ऐकत होते. आमच्या कॉलनीत हा विषय निघाला की बायका आधी “अरेरे, एवढ्याशा पोरीला!” म्हणतात आणि मग माझ्याशी बोलतात, तिच्याशी नाही. इथे कोणीतरी पहिल्यांदाच तिला माहिती विचारत होतं. आणि तिला ती येत होती.

साडेचारच्या सुमारास मंदाताई बाग दाखवायला निघाल्या. ओम झोपला होता म्हणून मी थांबले. पाऊच सतीशच्या हातात दिला आणि चारचं खाणं झालं का विचारलं. “हो हो,” असं दोघंही एकदम म्हणाले. तिथेच मला शंका यायला हवी होती.

वीसेक मिनिटांनी चादर झटकायला उठले, तर निळा पाऊच तंबूच्या खांबाला लटकत होता. शेजारी बिस्किटांचा पुडा, न फोडलेला.

ओमला तसाच उचलून मी पळाले. द्राक्षबागेत पळणं सोपं नसतं. मांडव डोक्यापेक्षा थोडाच उंच, दोन्हीकडे सगळ्या ओळी सारख्या, आणि हाका मारल्या तरी आवाज पानांतच मुरतो. तीन ओळी चुकले. ओम कडेवर जागा होऊन विचारत होता, “आई, आपण कोणाला पकडतोय?”

चौथ्या ओळीच्या टोकाला ते दिसले. गार्गी उलट्या ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या क्रेटवर बसली होती. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. समोर मंदाताई उकिडव्या बसून बाटलीतल्या पाण्याने एकेक मणी धुऊन तिच्या हातावर ठेवत होत्या. सतीश बाजूला उभा, त्याचाही चेहरा तसाच पांढरा.

“बारा,” गार्गी म्हणाली. चावून गिळलं. “तेरा.”

मी पाऊच उघडून ग्लुकोज काढायला लागले. “थांब आई. पंधरा खायचे, पंधरा मिनिटं थांबायचं, मग तपासायचं. डॉक्टरकाकांनी सांगितलंय.”

मला ते तिच्याआधीपासून माहीत होतं. तरी मी थांबले.

नंतर सतीशने सगळं सांगितलं. चालता चालता गार्गी मध्येच उभी राहिली. सतीश पुढे फोनवर बोलत होता. तिने मंदाताईंची बाही धरली आणि म्हणाली, “मावशी, माझी साखर उतरलीय. मला आत्ता गोड पाहिजे.” सतीशने खिसे चाचपले, पाऊच नव्हता. मंदाताईंनी एक क्षणही न घालवता परदेशी जाणारा घड कात्रीने कापला. “ह्या ओळीला महिनाभर फवारणी नाय,” एवढंच बोलल्या आणि तरीही धुऊन दिला.

पंधरा मिनिटांनी गार्गीने स्वतः बोट टोचलं. ब्याण्णव. मंदाताईंनी यंत्र हातात घेऊन आकडा उलटसुलट बघितला. “आमच्या मालाची गोडी तपासायला बी असंच यंत्र असतं. तुझं पास झालं.”

गार्गी हसली. मी मात्र ओळीच्या पलीकडे जाऊन रडले. भीती होतीच, पण खरं सांगायचं तर थोडा रागही होता. सतीशवर, आणि मला लपवता येत नाही म्हणून लिहिते, मी नसताना ते निभावलं यावरही. सात महिने मी स्वतःला सांगत होते की माझी नजर हटली तर संपलं. नजर हटली होती आणि मुलगी समोर बसून द्राक्षं मोजत होती.

सतीश मागून आला. “चुकलं माझं.”

“हो, चुकलं,” मी म्हणाले. “पण ती चुकली नाही.”

संध्याकाळी सातला जेवणाआधी मी सुई भरायला घेतली, तर गार्गीने हात पुढे केला. “आज मी.”

तंबूत कंदिलाचा उजेड होता. मी औषध मोजून दिलं, तिने पुन्हा मोजलं. मांडीची कातडी चिमटीत धरली, आणि तशीच थांबली. मिनिट, दोन मिनिटं. बाहेर सतीश ओमला गप्प बसवत होता. माझे हात मी मांडीखाली दाबून ठेवले होते.

“तू टोचतेस तेव्हा तुला भीती वाटते का गं?” तिने विचारलं.

“रोज.”

“मग?”

“मग टोचते.”

तिने मान हलवली आणि टोचली.

रविवारी पहाटे बागेच्या कडेने शेकोट्यांचा धूर पसरला होता. कडाक्याची थंडी पडली की वेलींना ऊब म्हणून इकडे जाळ करतात. नाश्त्यानंतर नांदूर मध्यमेश्वरला गेलो. तिथे धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात पक्षी उतरतात. दुर्बीण भाड्याने मिळते, पण सकाळी नऊच्या आत पोचा. ओमने चव्वेचाळीस बदकं मोजली आणि त्यातलं एक दगड निघालं. दुपारी सिन्नरमार्गे घरी. वाट थोडी लांबची, पण ट्रक कमी.

मुलांना घेऊन तंबूत राहायचं की नाही, असं कोणी विचारलं तर मी जा म्हणेन. मूल आजारी असेल, तर त्याचा आजार तिथल्या माणसांना पोचल्यापोचल्या सांगा. मी लाजून गप्प बसले होते, सांगितलं ते गार्गीने.

मी काही बदलून वगैरे गेलेले नाही. अजून झोपेतून उठून तिच्या कपाळाला हात लावते. इन्सुलिन मीच मोजते. सकाळची आणि दुपारची सुई माझी, संध्याकाळची तिची, असं सध्या ठरलंय.

परवा तिच्या मैत्रिणीचा वाढदिवस होता, दोन गल्ल्या सोडून. जूननंतर ती पहिल्यांदाच एकटी निघाली. दारात मी सुरू केलं, “आणि हे बघ, काही झालं तर—”

“काही झालं तर आधी काकूंना सांगीन,” चपला घालता घालता ती म्हणाली, “मग तुला फोन करीन.”

ती जिना उतरून गेल्यावर तो क्रम माझ्या लक्षात आला. आधी जवळ जो असेल तो, मग मी. बरोबरच होता. मी दार लावून घेतलं.