पाच हिवाळ्यांचा नियम

आमच्या मंडळात माणसं भांडायची ती फक्त फळ्यावरून. हिरव्या रंगाचा हा लाकडी फळा इंदिरा नगरमधल्या मंडळाच्या खोलीत दारासमोरच टांगलेला होता. वर ‘मानाचे खेळाडू’ असं लिहिलेलं आणि खाली पिवळ्या अक्षरांत नावं. नागपूर, भंडारा, अमरावतीकडून सरकारी नोकरीसाठी लखनऊला आलेली आमची तीस-चाळीस बौद्ध घरं. सगळे वर्षातून दोनदा एकत्र यायचे, एप्रिलमध्ये जयंतीला आणि फेब्रुवारीत वार्षिक सभेला. जयंतीला एकमेकांच्या ताटात आग्रहानं वाढणारे हेच लोक सभेला एकमेकांची अक्कल काढायचे.

खेळणं सोडलेल्या माणसाचंच नाव फळ्यावर लागायचं. बाबा मंडळाचे सचिव होते. त्यांचं म्हणणं, जो अजून खेळतोय तो अजून घाण करू शकतो. एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं. पुढे मात्र रामायण. छावणीतला एक हवालदार आमच्याकडून दोनच हिवाळे कबड्डी खेळला, पण असा खेळला की समोरचे लोक टाळ्या वाजवायचे. मग त्याची बदली झाली. दुसरीकडे टपाल खात्यातले एक काका, बारा हिवाळे खेळले आणि बाराही हिवाळे जेमतेम खेळले. नाव कोणाचं लावायचं? दोन सभा यात गेल्या. एकजण म्हणायचा, चार दिवस चमकणारा तो काय खेळाडू! दुसरा म्हणायचा, नुसतं हजर राहणाऱ्याचं नाव लावायचं तर सतरंजीचंही लावा. शेवटी बाबांनी नियम करून टाकला: मंडळाकडून किमान पाच हिवाळे. हवालदार बाहेर, काका आत. मला तो नियम तेव्हाही बिनडोक वाटला होता, पण मी नऊ वर्षांची होते आणि मला कोणी विचारलं नव्हतं.

बायकांचा खेळ खो-खो. दर जानेवारीत एका रविवारी छावणीच्या मैदानावर सामना व्हायचा, छावणीतल्या मराठी फौजी घरांच्या बायका विरुद्ध आम्ही शहरवाल्या. पुरुषांना तिथे यायला सक्त मनाई होती, कारण बायका शेजारणींकडून मागून आणलेल्या सलवार-कमीजमध्ये खेळायच्या. पाठीवर कागदी क्रमांक टाचलेला. पंच म्हणून एक सुभेदारीणबाई, ती क्रमांक बघून वहीत लिहायची. पुरुषांना सामना कळायचा तो त्या वहीतूनच.

माझी आई त्या संघात पळायची. म्हणजे खेळायच्या सगळ्याच, पण आई पळायची. लग्नाआधी अमरावतीला शाळेच्या संघात होती. तिची हुलकावणी अशी की पाठलाग करणारी बाई डावीकडे जाऊन थांबायची आणि आई उजवीकडून निघून गेलेली असायची. हे मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. कारण आई चार हिवाळे खेळली आणि पाचव्या हिवाळ्यात मी पोटात होते.

हे मला लहानपणापासून माहीत होतं, कारण मला ते विसरू दिलं गेलं नाही. सुट्टीत अमरावतीला गेलं की मामा लोकांना ओळख करून द्यायचे, “हीच ती. हिनंच आमच्या बहिणीचा खेळ सोडवला.” सगळे हसायचे, आईही हसायची. मला त्या हसण्याचा भयंकर राग यायचा. मी काही मुद्दाम जन्माला आले नव्हते. पण रागाखाली दुसरंही काही होतं. आई भाजी घेऊन जिना चढताना दोन-दोन पायऱ्या घ्यायची तेव्हा मला वाटायचं, हिचं काहीतरी मी घेऊन बसलेय.

मला पंधरावं वर्ष चालू होतं त्या हिवाळ्यात बायकांनी ठरवलं की या सभेत आईचं नाव फळ्यासाठी सुचवायचं. सूचना सचिवांकडे, म्हणजे बाबांकडे, लेखी आली. संध्याकाळी बाबांनी चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाले, “चारच वर्षं भरतात. नियम पाचचा आहे.”

आई मटार सोलत होती. “काहून पण? सगळ्या बायकांनी सह्या केल्यात.”

“माझ्याच घरासाठी मी नियम वाकवला तर उद्या मंडळात तोंड दाखवता येईल का?”

मला वाटलं, आता आई नेहमीसारखी ‘जाऊ द्या’ म्हणेल. ती म्हणाली नाही. ती म्हणाली, “मला पाहिजे. दाराच्या पाटीवर तुमचं नाव आहे. रेशनकार्डावर मी तुमच्या खाली आहे. एका तरी जागी माझं नाव मी पळाले म्हणून असावं.”

बाबांनी सूचना पुन्हा एकदा वाचली. ते आईवर जीव टाकायचे, अगदी तिचा चहा आधी गाळून मग स्वतःचा गाळणारे, पण नियमापुढे त्यांचं काही चालत नसे. त्यांनी सूचना घडी करून फाईलमध्ये ठेवली. आईनं सोललेले मटार पुन्हा सालांतच टाकले आणि मग ते वेचत बसली.

सभेचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं. आमच्या पिढीतली बाकी पोरं मराठी समजायची, पण उत्तर हिंदीत द्यायची आणि लिहायला सांगितलं की पळ काढायची. मला बाबांनी रोज पानभर शुद्धलेखन घालून तयार केलं होतं. तर मी वही घेऊन बाबांच्या शेजारी बसले. पुरुष सतरंजीवर पुढे, बायका मागे. बायकांच्या पहिल्या रांगेत आई आणि तिला खेटून मावशी.

मावशी म्हणजे आईची सख्खी बहीण नव्हे, खालच्या मजल्यावरची मैत्रीण. जाडजूड, हसरी, सगळ्या गल्लीची लोणची घालणारी. तिचं नाव दोन वर्षांपूर्वीच फळ्यावर लागलं होतं. पाच हिवाळे भरत होतेच, शिवाय वहीत तिच्या नावावर एक अचाट सामना होता. पाचव्या हिवाळ्यात शेवटच्या डावात आपल्या सगळ्याजणी बाद झाल्या, एकटी क्रमांक सात, म्हणजे मावशी, उरली आणि ती शिट्टी होईपर्यंत पळत राहिली. त्या एका सामन्याच्या जोरावर मावशीचं नाव बिनविरोध पास झालं होतं. सगळ्यात जोरात टाळ्या आईनं वाजवल्या होत्या.

बाबांनी आईचं नाव स्वतःच वाचलं आणि पुढच्याच दमात म्हणाले, “चार हिवाळे. नियमात बसत नाही. पुढचा विषय, जयंतीचा मांडव.”

मागे बायकांत कुजबुज झाली. आई मान खाली घालून पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती. ते बघितलं आणि माझं डोकं फिरलं. मी वही मिटली.

“ये गलत है,” मी म्हणाले.

“मराठीत बोल,” बाबा म्हणाले. “आणि तू सभासद नाहीस.”

“पाँचवाँ साल मेरी वजह से छूटा ना? मग मला शिक्षा करा, तिला काहून? आणि पाच-पाच काय करताय! मावशी पाच वर्षं खेळली, त्यात एक मॅच धड खेळली. एकच! तिचं नाव चालतं!”

बोलले आणि त्याच क्षणी जीभ चावली. मावशीनं मला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. अंगात ताप असला की मी आईला सोडून तिच्याकडे जायचे. बाहेरच्या ठेलेवाल्याची “मटर ले लो” अशी हाक आत स्पष्ट ऐकू आली. बाबांच्या चेहऱ्यावर मला घरी गेल्यावर काय ऐकायला लागणार ते स्पष्ट दिसत होतं.

मावशी गुडघ्यावर हात ठेवून उठली. तिला उठायला नेहमीच वेळ लागायचा.

“पोरगी चुकली,” ती म्हणाली. “तो एक सामनाही मी नाही खेळले.”

आईनं तिचा पदर खाली ओढला. “बस, बाई. बस ना.”

“नाही बसत. पंधरा वर्षं बसले.” आणि तिनं सांगितलं. त्या सकाळी छावणीच्या मैदानावर पोचता पोचता तिचा पाय मुरगळला. जास्तीची बाई नव्हती, मोजून नऊच होत्या. आठ जणींवर सामना होत नाही, हार मानावी लागली असती. आई शाल पांघरून बघायला बसली होती. बाबांनी दिल्लीला ट्रेनिंगला जाण्याआधी तिचं नाव स्वतःच्या हातानं यादीतून खोडलं होतं आणि खेळणार नाही असं तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. दोघी मैदानामागच्या झाडाआड गेल्या. शाल घेऊन मावशी बाहेर आली आणि सात क्रमांक लावून आई. सुभेदारीणबाईनं क्रमांक बघितला, चेहरा नाही. मावशीच्या नावावर वहीत जे पळणं लिहिलं गेलं, ते आईचं होतं.

“आम्हा नऊजणींना माहीत आहे,” मागून एक काकू आईकडे बोट दाखवत म्हणाल्या. “शपथ घातली होती हिनं.”

सगळ्या बायका खाली बघत हसत होत्या. पुरुषांपैकी एकालाही पंधरा वर्षांत पत्ता लागला नव्हता. आणि आता मला कळलं, मावशीचं नाव पास झालं तेव्हा आई गप्प का राहिली. बोलली असती तर मैत्रिणीचं नाव पुसलं गेलं असतं.

बाबांनी चष्मा काढला. भरल्या सभेत, ज्या माणसाला बायकोशी चार लोकांसमोर बोलायची लाज वाटायची, त्यानं विचारलं, “कितवा महिना होता?”

“चौथा लागला होता,” आई म्हणाली.

“आणि पडली असतीस तर?”

“पडले नाही. मला कोणी हात लावला तर पडणार ना!”

खोलीत हशा पिकला. बाबा हसले नाहीत. त्यांचे डोळे भरले होते, ते त्यांनी रुमालानं सरळ पुसले, लपवले नाहीत. मग ते पुन्हा सचिव झाले. बोटं मोजली. “म्हणजे हिचे पाच होतात. आणि वहिनी, तुमचे चार.”

“पुसा माझं नाव,” मावशी म्हणाली. “ओझंच झालं होतं बापा त्याचं.”

“तिचं पुसणार असाल तर माझं लावू नका,” आई म्हणाली, आणि ती खरंच तसं म्हणत होती. मुरगळलेल्या पायानं मैदानापर्यंत आली कोण, माझ्या शालीत बसून देवाचा धावा केला कोण, असं काय काय ती बोलत राहिली. बौद्ध मंडळाच्या सभेत देवाचा धावा निघाल्यावर पुन्हा हशा झाला.

बाबा फळ्यासमोर जाऊन उभे राहिले. मग घसा साफ करून म्हणाले, “सचिवांच्या वतीनं दुरुस्ती. पाचऐवजी चार हिवाळे करावेत.”

हात वर झाले. सगळ्यांचेच. टपालवाले काका ओरडले, “मग हवालदाराचं काय?” आणि पुढच्या वर्षीच्या भांडणाची सोय झाली. आई मात्र बाबांकडे बघत म्हणाली, “अहो, हेच पहिल्या दिवशी केलं असतं तर?”

“तेव्हा ते घरासाठी झालं असतं,” बाबा म्हणाले. “आता वहिनींसाठी आहे.” याला काय म्हणणार! मला तेव्हा त्या माणसाचा इतका राग आला आणि इतकं प्रेम आलं की दोन्हींचं एकदमच रडू आलं. मी मावशीच्या कुशीत तोंड खुपसलं. ती म्हणाली, “खरंच एक मॅच धड नाही खेळले गं मी,” आणि माझ्या पाठीवर थोपटत राहिली.

सभा संपल्यावर बाबांनी कपाटातून सामन्याची जुनी वही काढली. त्या हिवाळ्याचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. “दुरुस्त कर. सात नंबरला आईचं नाव.”

मी मावशीचं नाव एका रेघेनं खोडलं आणि शेजारी आईचं लिहिलं. आई माझ्या खांद्यावरून बघत होती. वही मिटायला लागले तर तिनं पानावर हात ठेवला.

“नऊच्या खाली दहा लिही,” ती म्हणाली.

“खो-खोत दहा नसतात,” बाबा म्हणाले.

“त्या दिवशी होत्या.”

नियमाचं पुस्तक बाबांच्या डोळ्यांसमोरून जाताना मला दिसलं. मग त्यांनी खिशातलं आपलं पेन काढून माझ्या हातात दिलं, आणि मी दहा आकडा घालून त्यापुढे माझं नाव लिहिलं. रोज पानभर शुद्धलेखन करूनही अक्षर काही धड आलं नाही.