उताणा पडलेला कोळी

आमच्या इमारतीतले कोळीकाका एका बुधवारी संध्याकाळी माझ्यामुळे वारले. (प्रकृती ठणठणीत आहे. कालच ते माझ्याकडे लेंग्यात नाडी घालून घ्यायला आले होते.) पण त्यांच्या निधनाची बातमी मीच दिली होती, तीही सोसायटीच्या ग्रुपवर, जोडलेल्या हातांच्या तीन चित्रांसकट. त्यामुळे आता कानावर हात ठेवायची सोय नाही!

सुरुवात केली ती माझ्या धाकट्या दिरानं, विनयनं. त्याला ऑर्किडचं वेड लागलं होतं. एका रविवारी तो जांभूळ गावातल्या मित्राच्या वाडीवरून आंब्याची एक पोकळ फांदी खांद्यावर टाकून घेऊन आला.

"वहिनी, ही बाल्कनीत टांगू आणि हिच्यात ऑर्किड लावू. एकदम रिसॉर्ट वाटेल बघ!"

वाटलंच. ऑर्किड यायच्या आत दुसरंच कुणीतरी तिथे राहायला आलेलं होतं. सोमवारी दुपारी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते, तर फांदीच्या भोकातून आधी दोन पाय आले, मग आणखी दोन, मग आणखी... मी सहापर्यंत मोजले आणि किंचाळले. माझ्या तळहाताएवढा केसाळ कोळी! अंगावर राखाडी रंगाची, पानापानांची अशी सुरेख नक्षी, की किंचाळता किंचाळता माझ्या मनात आलं, असं कापड मिळालं तर काय ब्लाउज होईल!

(मी बदलापूरच्या बेलवलीत ब्लाउज शिवते. एकदा पाहिलेली नक्षी मी विसरत नाही, असं मी गिऱ्हाइकांना सांगत असते. गिऱ्हाइकं म्हणतात, नक्षी नका विसरू, पण तारीखही विसरू नका.)

तो फरशीवर उतरताच हाताला आली ती काचेची बरणी मी त्याच्यावर पालथी घातली आणि खालून पुठ्ठा सरकवला.

"अगं, ती माझ्या लोणच्याची बरणी!" सासूबाई धावत आल्या. "माझ्या आईनं दिलेली!"

"आई, आत काय आहे ते बघा तरी!"

"बघितलं म्हणूनच सांगते ना!"

विनयनं बरणीवर फडकं बांधून फोन काढला आणि दोन मिनिटांत निकाल दिला. "ब्राझीलचा आहे. जाम डेंजर."

"ब्राझीलचा कोळी जांभूळला कसा येईल?"

"वहिनी, हल्ली सगळं ऑनलाइन येतं."

त्याच्या हातातला फोन काढून घेऊन मी स्वतः शोधायला लागले. तेव्हा कळलं, की झाडाच्या पोकळीत राहणारे असे मोठे कोळी आपल्याकडेही आहेत, आणि एक नाही, कितीतरी जातींचे. फोटो पाहून डोळे फिरले. सगळे एकाच ताग्यातून कापल्यासारखे! तेच राखाडी अंग, तीच पानं. पण मी हटले नाही. दोन दिवस शिलाई बाजूला आणि मी बरणीपुढे. आमचे हे अंबरनाथच्या कंपनीतून ड्यूटी करून आले, बरणी पाहिली, मला पाहिलं आणि "जेवायला आहे का काही, की तेही बरणीत?" एवढंच म्हणाले.

जेवायचं तर खुद्द पाहुणेही नाव घेईनात. मी त्यांना ताजं झुरळ दिलं. ढुंकून बघितलं नाही.

"सोमवार आहे. उपास असेल," सासूबाई म्हणाल्या.

मंगळवारीही नाही.

"बघ हं, अंगारकी आहे का ते." एव्हाना बरणीचा राग जाऊन त्यांचा जीव आतल्या जिवात अडकायला लागला होता.

बुधवारी संध्याकाळी पाहते तर कोळी उताणा! आठही पाय पसरलेले. मी बरणीवर टकटक केली. ढिम्म. मला खरोखरच रडू आलं. रागावून गेलं असतं बिचारं तर एकवेळ चाललं असतं, पण हे माझ्या हातून उपाशी गेलं! विनयनं त्याला पुठ्ठ्यावरून हळूच ब्लाउजच्या खोक्यात निजवलं आणि मी डोळे पुसत नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं : 'आपला कोळी गेला. फार शांत होता. शेवटी शेवटी काही खात नव्हता.'

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपचं नाव 'आपली माणसं'. सोसायटीच्या ग्रुपचं नाव 'आपली सोसायटी'. भरल्या डोळ्यांना कितीसा फरक दिसणार?

पाच मिनिटांत चौदा जणांनी भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. एकानं विचारलं, 'कितीला काढणार?' एकीनं तर 'कालच जिन्यात भेटले होते, विश्वास बसत नाही' असंही लिहिलं. आमचे सेक्रेटरी हरेशभाई मुळात उल्हासनगरचे, माणूस तत्पर. ते झेंडूचा हार घेऊन थेट दुसऱ्या मजल्यावर गेले आणि त्यांनी बेल वाजवली. दार कोळीकाकांनी उघडलं.

मग जो आवाज उठला, तो मला तळमजल्यावर ऐकू आला.

"कोन बोलला मी मेलू? मी त जिता हाय!"

फोन तपासले गेले. सगळे जिना उतरून माझ्या दारात. मला खोकं उघडून दाखवावं लागलं.

"हा... हा कोळी," मी म्हटलं.

"भाभी!" हरेशभाई हाराकडे पाहत म्हणाले. "मकडी के लिए हार लेके आया मैं?"

कोळीकाकांनी मान घालून खोक्यात बघितलं. "माझ्या नावावर ह्यो गेला व्हय? बरा हाय दिसाया!" असं म्हणून ते हसत हसत वर गेले. मोठ्या मनाचा माणूस.

इथे प्रकरण मिटायला हवं होतं. पण गुरुवारी सकाळी मी मशिनवरचं कव्हर काढलं आणि समोरच्या भिंतीवर कोळी! लख्ख, नव्यासारखा, चांदीच्या जरीसारखा चमकणारा. खोक्याचं झाकण रात्री उघडंच राहिलं होतं; आत पाहिलं, तर आपला मळकट मयत तसाच होता.

"जोडीदार आला गं शोधत!" सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

दुसराही बरणीत गेला. मी फोटो काढले, रंग ताडून पाहिले, आणि दोन दिवसांच्या अभ्यासाच्या जोरावर सोसायटीच्या ग्रुपवर (या वेळी मुद्दाम!) आवाज रेकॉर्ड करून पाठवला : "घाबरू नका. हा दुसरा आहे. रंगावरून सांगते, दोन्ही वेगवेगळ्या जातींचे आहेत."

लोकांनी घाबरू नये म्हणून यापेक्षा वाईट वाक्य मराठीत नसेल. दोन जाती घरात, म्हणजे इमारतीत किती? तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी अंथरुणं झटकली, कुणी मुलांना सोनिवलीला आत्याकडे पाठवलं. हरेशभाईंचा निरोप आला : आज चार वाजता फवारणी. सगळी घरं. सर्वांत आधी माझं.

तीन वाजले. बरणीतला जीव काचेवर पाय टेकून शांत बसला होता. माझ्या तोंडच्या बडबडीनं त्याचा तासाभरात निकाल लागणार होता. निदान दोघांचं नीट निरीक्षण तरी करू, म्हणून मी खोकं बरणीशेजारी ठेवलं. आणि माझी नजर अडली. बरणीतल्याचा डावीकडचा तिसरा पाय बाकीच्यांपेक्षा आखूड होता. मापाचा आखूडपणा मला लगेच टोचतो. खोक्यातल्याचाही डावा तिसरा पाय आखूड! चिमट्यानं मी मयताला उचललं. वजनच नाही! पाठीवर डब्यासारखं झाकण उघडलेलं, आणि आत... काहीही नाही. नुसतं रिकामं कव्हर.

"आई!" मी ओरडले. "दोन नाहीत! एकच आहे! सापासारखी कात टाकलीय यानं!"

"म्हणजे मेलाच नव्हता?"

"कपडे बदलत होता!"

आता हे हरेशभाईंना पटवायला कुणीतरी पदवीवालं माणूस हवं होतं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम माझ्या गिऱ्हाईक. पण त्यांचा ब्लाउज तीन आठवडे माझ्याकडे पडला होता आणि मी त्यांचे फोन चुकवत होते. देवाचं नाव घेऊन नंबर लावला.

"झाला का ब्लाउज?"

"मॅडम, कोळ्यानं कात टाकलीय!"

"ही नवीन सबब आहे," त्या म्हणाल्या. पण फोटो पाठवल्यावर रिक्षा पकडून निघाल्या.

त्या यायच्या आत मला जात ओळखायची होती. वरून तर सगळे सारखे. मग माझं मलाच हसू आलं. इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांना काय सांगते? कापड ओळखायचं तर उलटी बाजू बघा! तेवढ्यात कोळी बरणीच्या काचेवर चढला आणि त्याचं पोट माझ्यापुढे आलं. काळ्या पोटावर आडवा फिकट पट्टा, पुढच्या पायांना आतून हळदीसारखा पिवळा रंग. मी भराभर फोटो सरकवले. असा पट्टा एकाच जातीला होता.

चार वाजता दारात फवारणीवाला पाठीवर टाकी घेऊन उभा, मागे हरेशभाई, जिन्यात सगळी इमारत. मधून वाट काढत मॅडम आल्या.

मी बरणी उंच धरली. "पोटावर पट्टा आहे, मॅडम. हा आपल्या सह्याद्रीतलाच. ब्राझीलचा नाही!"

मॅडमनी वाकून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "अगदी बरोबर! माझी मुलं परीक्षेत कोळ्याची पाठच बघत बसतात." त्या लोकांकडे वळल्या. "मेलेला कोळी पाय मुडपून घेतो. उताणा झोपला तर समजा, कात टाकतोय. हात लावू नका, चावला तर खूप दुखेल. पण हा झाडावरचा जीव आहे, तुमच्या घरात बिऱ्हाड करणार नाही. फवारणी कशाला?" मग त्यांनी कात भिंगाखाली धरली. "आणि हा कोळी नाही. मादी आहे."

"कोळीण!" जिन्यातून कोळीकाका गरजले. "मंग आमचीच हाय ती! हात लावाचा नाय कोनी!"

टाळ्या पडल्या! फवारणीवाला परत गेला. "भाभी, आप तो प्रोफेसर निकली," असं खुद्द हरेशभाई म्हणाले. आठवड्यानं आम्ही सगळे जांभूळला गेलो आणि कोळिणीला तिच्या आंब्यावर सोडलं. ती सरसर चढून ढोलीत शिरली. सासूबाईंनी मागून तिला नीट जेवायला सांगितलं. त्या दिवशी मी बदलापुरात परतले ती दोन बोटं उंच होऊन.

तेव्हापासून बेलवलीत कुठेही काहीही केसाळ दिसलं, की लोक मला बोलावतात. परवा गच्चीच्या कोपऱ्यात काळंभोर काहीतरी दिसलं. दहा बायका जमल्या. मी सगळ्यांना मागे सारलं, लांबून निरखलं आणि शांतपणे जाहीर केलं, "घाबरू नका. कात टाकतेय. मादी आहे."

तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या पाटणकरकाकू वर आल्या, डोक्याला पदर घट्ट गुंडाळून. "अगं, माझं केसांचं गंगावन धुऊन वाळत घातलं होतं," त्या म्हणाल्या, "वाऱ्यानं उडालं वाटतं. दिसलं का कुणाला?"

बाकी काही असो, मादीचं होतं एवढं तरी मी अचूक सांगितलं!