साळवे बाईंसाठी ठेवलेला कप

कपबशीपायी माणूस गमावता येतं का हो? येतं! मी गमावलंय. तेही कप न फोडता. आता असा मूर्खपणा कसा करायचा ते विचारू नका, मी सांगतेच. तुम्ही चहा घ्या, गार होतोय.

गोष्ट दोन हजार चार-पाचची. आम्ही काल्हेरला नवीनच राहायला आलो होतो आणि मी भिवंडीत शाळेत शिकवत होते. तेव्हा मला एक वेड लागलं होतं. कोणाला साड्यांचं असतं, कोणाला सोन्याचं. मला लागलं सुट्या कपांचं!

राहनाळच्या रस्त्यावर, गोडाउनांच्या रांगेत, शकीलभाईंचं पत्र्याचं दुकान होतं. ट्रकमधून माल उतरवताना खोका आपटला की आतल्या सेटमधले चार कप फुटायचे, दोन वाचायचे. असा मोडका सेट मोठ्या दुकानात कोण घेणार? ते वाचलेले कप, बश्या, साखरेची भांडी शकीलभाईंकडे यायची. कुणाच्या घरातला जुना मालही असायचा.

"मॅडम, ये देखो! पूरे खानदान में अकेला बचा है बेचारा!" असं म्हणत ते एखादा कप पुढे करायचे आणि मी विरघळायचे. एकदा तर किटलीचं नुसतं झाकण आणलं मी! किटली मागून येईल या आशेवर. आमचे हे वर्षभर विचारत होते, "झाकण आलंय, सासर कधी येणार?"

पण एक कप खरंच देखणा सापडला. निळी बारीक फुलं, सोनेरी कान, आणि इतका पातळ की उजेडाला धरला तर पलीकडची बोटं दिसायची. तसा दुसरा नव्हताच. तो मी कोणालाच दिला नाही, ह्यांनाही नाही. सासूबाईंना बजावून ठेवलं, "आई, हा कप माझ्या खास माणसासाठी आहे."

आणि खास माणूस होतं. साळवे बाई! त्या वर्षीच शाळेत आलेल्या, गणित शिकवायच्या. अख्ख्या स्टाफरूममध्ये माझ्या पांचट विनोदांना मनापासून हसणारी ही एकच बाई. शाळा सुटली की धामणकर नाक्यावरून आम्ही एकाच शेअर रिक्षात बसायचो. चाळिशीत नवी मैत्रीण मिळणं किती अवघड असतं, ते बायकांना विचारा.

सहामाहीचे निकाल तयार करायचे होते, म्हणून एका रविवारी दुपारी साळवे बाई आणि आणखी दोघी शिक्षिका आमच्या घरी आल्या. चहाची वेळ झाली. माणसं सहा आणि आहेरात आलेल्या आमच्या पांढऱ्या सेटमधले कप उरलेले पाच. मला तर आनंदच झाला! त्या दोघींना, ह्यांना, सासूबाईंना आणि मला पांढरे कप. आणि साळवे बाईंना? माझा निळ्या फुलांचा!

मी ट्रे घेऊन आले. साळवे बाईंनी कपाकडे पाहिलं. मग बाकीच्या पाच कपांकडे पाहिलं. मला वाटलं, नक्षी बघून हरखल्या.

तेवढ्यात आतून सासूबाई, "सूनबाय गो, त्यो येगला कप त्यांनाच दिलास नं? दुसऱ्या कुनाला दिला न्हाय नं?"

"त्यांनाच दिला हो, आई!" मी अभिमानाने ओरडले.

बाईंनी दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवला. मी म्हटलं, साखर जास्त झाली असेल.

निघताना भांडी आवरायला सासूबाई पुढे झाल्या. माझा जीव कपात अडकलेला. बाई दारात चप्पल घालतायत आणि मी काय ओरडावं? "आई, तो कप बाकीच्यांत मिसळू नका हं! बाजूला ठेवा, तो मी वेगळा धुणार आहे!"

"येगलाच ठेवलाय गो, वरच्या फलीवर!"

तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं! बी.एड. झालेली बाई मी, पण डोक्यात सगळी सोनेरी कानाची काळजी.

सोमवारी बाई रिक्षाला थांबल्या नाहीत. मंगळवारी त्यांनी पर्समधून स्वतःचा स्टीलचा पेला काढला आणि शिपायाकडून त्यात चहा घेतला. माझ्या विनोदाला हसल्या नाहीत. मी ह्यांना म्हटलं, "काय झालं असेल हो?"

"तुझा विनोद ऐकला असेल," हे म्हणाले.

मी खूप विचार केला आणि निष्कर्ष काढला. कपाखाली मी साधी पांढरी बशी दिली होती! निळ्या फुलांची बशी नव्हती, म्हणून बाईंना वाईट वाटलं! झालं, शनिवारी शकीलभाईंचं दुकान गाठलं. तासभर त्यांच्याबरोबर खोक्यांतल्या भुशात हात घालून बसले आणि जुळणारी बशी काढलीच. कप-बशी कागदात गुंडाळली, वर रिबीन बांधली आणि सोमवारी शाळा सुटल्यावर बाईंना नाक्यावर गाठलं.

समोर ट्रक अडकलेले, हॉर्न चाललेले, रिक्षावाला ओरडतोय, "काल्हेर, काल्हेर, दो सीट!" आणि मी ते पुडकं बाईंच्या हातात कोंबत म्हणतेय, "घ्या! हा तुमचाच कप. तुम्ही येऊन गेल्यापासून कोणी हातसुद्धा लावला नाही त्याला!"

हे वाक्य मी स्वतः जुळवलं होतं. घरी दोनदा म्हणून बघितलं होतं.

बाईंनी कागद थोडा उघडला, कप पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, "पाटील बाई, माझे वडील गावात ज्यांच्याकडे कामाला जायचे, त्यांच्याही घरी वेगळा कप होता. गोठ्याच्या वळचणीला ठेवलेला असायचा. चहा पिऊन झाला की वडील तो स्वतः विसळून परत तिथेच ठेवायचे. आमच्या जातीच्या माणसांचा कप. त्याला फुलं नव्हती, एवढाच फरक."

नाक्यावरचा सगळा गोंगाट तसाच होता, मला मात्र काही ऐकू येईना. येगला कप. मिसळू नका. वेगळा धुणार. माझीच वाक्यं एकामागून एक डोक्यात वाजायला लागली. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

"अहो बाई, देवाशप्पथ, तो माझा सगळ्यात लाडका कप आहे! म्हणून दिला! आमच्या घरी असलं काही मानत नाहीत हो!"

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "म्हणूनच तुमच्या लक्षात आलं नाही. आमच्या लगेच येतं."

"मॅडम, आना है कि नहीं?" रिक्षावाला. आम्ही बसलो. मी रडत होते. धक्के खात अर्धा रस्ता गेल्यावर बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पुरे आता. रविवारी माझ्या घरी चहाला या. आई गावाहून आलीय, तिला भेटायचंय तुम्हाला." किती मोठं मन! त्यांच्या जागी दुसरी असती तर तिथेच संपलं असतं सगळं, पण बाईंनी मला आणखी एक संधी दिली.

रविवारी मी चांगली साडी नेसून गेले. ठरवून गेले होते, कमी बोलायचं. बोललं की घोटाळा होतो. बाईंच्या आई सत्तरीच्या, बारीक अंगाच्या. माझ्यासाठी नवे कप काढले होते. सगळे अगदी एकसारखे. त्यांनी एकेक रिकामा कप प्रत्येकाच्या हातात दिला. बाई मागून पातेलं आणि गाळणं घेऊन आल्या.

आता सुटा माल घेणाऱ्यांना एक वाईट खोड असते. कप हातात आला की तो उलटा करून बुडावरचा कंपनीचा शिक्का बघायचा. शकीलभाईंकडे तासन् तास हेच करत होते ना मी! हात आपोआप वळला. शिक्का नीट दिसेना, म्हणून मी कप उजेडाला धरला. तरी दिसेना, म्हणून पदराचं टोक घेतलं आणि कप पुसायला लागले.

मी वर पाहिलं. बाईंच्या हातात पातेलं तसंच होतं.

बाईंच्या आई हलक्या आवाजात म्हणाल्या, "धुतलाय, बाई. तुम्ही येणार म्हणून दोनदा घासलाय."

कंपनी बघत होते, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण नाक्यावरही मी खरं तेच सांगितलं होतं; दुसऱ्यांदा ते कोण मानणार? कप सरळ करून चहासाठी पुढे धरला. बाईंच्या घरचा माझा तो पहिला आणि शेवटचा चहा.