राजाचं जेवण आणि अप्पांचं क्लॅरिनेट

मुद्दाम वाद्यं ऐकायला परभणीला कोण जातं? आम्ही गेलो होतो, मी आणि अप्पा, नामांतराच्या आंदोलनाच्या काळात. मी गंगाखेडला कॉलेजात होते. आमच्या सरांनी वर्गात सांगितलं, की हैदराबादहून औरंगाबादला निघालेला एक युरोपी वाद्यवृंद मध्ये एक दुपार परभणीला थांबणार आहे आणि त्यांची वाद्यं दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या घडणीची आहेत. मी लगेच दोन पास मागून घेतले. माझे वडील, म्हणजे अप्पा, पालमच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नसराईत गावोगाव, आणि भीमजयंतीला आमच्या वस्तीच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे.

"त्यायच्यात क्लॅरिनेट हाय का?" अप्पांनी एवढंच विचारलं. असेल म्हटल्यावर स्वतःचं टॉवेलात गुंडाळून पिशवीत टाकलं.

पालम ते गंगाखेड एसटीनं गेलो. दोन्ही बाजूंना हुरड्यावर आलेली ज्वारी, आणि खड्डा आला की अप्पांचा हात आधी पिशवीवर. गंगाखेडात भिंतीभिंतीवर घोषणा रंगवलेल्या होत्या. रास्ता रोको झाला तर अडकू म्हणून पुढं पॅसेंजर धरली. तुम्ही जाणार असाल तर तुम्हीही रेल्वेनंच जा. गोदावरीचा पूल आला की अख्खा डबा खिडकीशी येतो. परभणी स्टेशनबाहेर एका गाड्यावर सुशीला खाल्ला. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा तिखट, लिंबू पिळलेला नाष्टा. मराठवाड्याबाहेर मला तो तसा कुठंच मिळाला नाही.

सभागृह निम्मंच भरलं होतं. पडदा उघडला तर मंचावर कोणीच नाही! वाजवणं आमच्या पाठीमागून सुरू झालं. दारातून ते लोक वाजवत वाजवतच आत आले: पांढरे कुरळे टोप, सोनेरी किनारीचे कोट, गुडघ्यापर्यंतच्या विजारी. व्हायोलिनच्या तारा आतड्याच्या, आवाज मऊ आणि थोडा खरखरीत. माईक नाही. मंचावर एकानं पत्रा हलवून ढगांचा गडगडाट केला तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाया दचकून हसल्या.

"ड्रेस तर आमच्यासारकाच हाय की," अप्पा माझ्या कानाशी म्हणाले.

मग त्यांनी एक टेबल मांडलं. त्यांच्यातलाच एकजण राजा होऊन जेवायला बसला. बाकीचे भोवती उभे राहून वाजवायला लागले. राजा फळं खातोय, पावाचे तुकडे मोडतोय आणि क्लॅरिनेटवाल्याची नजर ताटावरून हलत नाही. सूर लांबवत तो टेबलाकडे सरकतो, राजानं वर पाहिलं की मागे फिरतो. शेवटी त्यानं एका हातानं वाजवत दुसऱ्या हातानं एक द्राक्ष लांबवलं. सभागृह खदाखदा हसलं. मीही हसले. बाजूला पाहिलं तर अप्पा हसत नव्हते.

कार्यक्रम संपल्यावर ते थेट मंचामागे गेले. मी मागोमाग. क्लॅरिनेटवाला टोप काढून घाम पुसत होता. अप्पांनी टॉवेल उलगडला. दोघांनी एकमेकांची वाद्यं हातात घेतली. त्याचं पिवळसर लाकडाचं, कळा अगदी मोजक्या. अप्पांनी फुंकलं तर बदकासारखा आवाज आला, आणि त्या परक्या माणसानं हसून त्यांचं बोट पुढच्या भोकावर सरकवून दिलं. मग सूर आला.

"याला इचार," अप्पा मला म्हणाले, "त्या काळात ह्यायला जेवायला कवा मिळायचं?"

माझ्या मोडक्या इंग्रजीत मी विचारलं. सगळ्यांचं झाल्यावर, तो म्हणाला, स्वयंपाकघरात, नोकरांबरोबर. कोटही मालकानं दिलेला असायचा.

"तिकडं बी?" अप्पा म्हणाले.

तो कार्यक्रम ऐकून मला युरोपचं संगीत कळलं, असं मी म्हणणार नाही. ती धूनही आज आठवत नाही. पण त्यानंतरच्या उन्हाळ्यात गंगाखेडच्या पलीकडच्या एका गावातलं लग्न माझ्या लक्षात आहे. मी तिथं नव्हते; अप्पांच्या बँडमधले ढोलवाले लक्ष्मणकाका ते पुन्हा पुन्हा सांगायचे. नवरदेव घोड्यावर बसलेला, मांडवात पहिली पंगत बसलेली, आणि यजमान म्हणाले, "वाजवा." एरवी सगळ्या पंगती उठेपर्यंत बँड वाजत राहायचा आणि मग गोठ्याजवळ गार झालेलं उरलंसुरलं मिळायचं.

अप्पांनी क्लॅरिनेट काखेत धरलं. "आदी जेवतो, पाटील. मग म्हणाल तेवढं वाजवतो."

"बँडवाले पावन्यांच्या आदी?"

"आदी न्हाई. संगं वाढा."

यजमान तापले, माणसं उठून आली, घोडा बिचकला. लक्ष्मणकाका सांगायचे, "मी तर ढोल उचलून निगालो व्हतो, अन् तुजा बाप जागचा हलंना." अखेर नवरीच्या आजोबांनी मांडवाच्या कडेला पत्रावळी मांडायला लावल्या. पंगतीत नाही, पण त्याच वेळी. त्या गावानं पुन्हा कधी आम्हाला बोलावलं नाही, आणि शेजारच्या दोन गावांनीही.

त्या लग्नाहून संध्याकाळी अप्पा घरी आले तेव्हा आईनं नेहमीसारखं विचारलं, "जेवन काय व्हतं?"

"वरन-भात, बुंदी," अप्पा म्हणाले आणि हसायला लागले. "वरन लय गरम व्हतं गं. जीब पोळली."