चार आकड्यांचं कुलूप

मी संशयी माणूस आहे. बायको म्हणते जन्मजात, मी म्हणतो नोकरीमुळं. आमच्या विद्यापीठाचं जिल्ह्यातलं जे केंद्र आहे, तिथं वेबसाइटचे पत्ते आणि सर्व्हरवरची जागा मी सांभाळतो. एखाद्या विभागाला स्वतःचं पान हवं असलं की विद्यापीठाच्या नावाआधी त्यांचं नाव जोडून मी पत्ता तयार करतो आणि फाइली ठेवायला जागा मोजून देतो. जागा फुकट मिळते म्हटल्यावर लोक काय करतात ते विचारू नका. एका विभागप्रमुखांच्या ‘मूल्यांकन - अतिमहत्त्वाचे’ या फोल्डरमध्ये त्यांच्या पोरीच्या हळदीचे व्हिडिओ निघाले. वर मलाच म्हणाले, तिथं सुरक्षित राहतात हो! दुधानं असं तोंड पोळल्यावर मी ताकसुद्धा फुंकून प्यायला लागलो.

त्या उन्हाळ्यात, ऐन परीक्षेत, सर्व्हर भरला. कोणी किती जागा खाल्ली म्हणून यादी काढली, तर मृदा प्रयोगशाळेचं नाव बरंच वर दिसलं. मी चमकलोच. ही प्रयोगशाळा दोन वर्षांपूर्वी कागदावर बंद झाली होती. तिथले सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. मागं उरला कंत्राटावरचा एक सहायक, कारंज्याचा, पन्नाशी उलटलेला. सगळे त्याला चाचा म्हणत. त्याला परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उचलायला लावलं होतं. त्याचं कंत्राट दर जूनमध्ये नवं व्हायचं, आणि तेवढ्यावरच त्याचं घर चालायचं, हे सगळ्या केंद्राला माहीत होतं.

मग बंद प्रयोगशाळेच्या फोल्डरमध्ये रोज नव्या फाइली कोण टाकतंय?

फाइलींना नावं नव्हती, नुसते आकडे होते. ८७-१. २०३. १४२-२. प्रत्येक फाइलीला चार आकड्यांचं कुलूप. आणि त्या पत्त्यावर रोज संध्याकाळी मोबाइलवरून लोक येत होते, मे महिन्यात तर झुंडीनं. परीक्षेचा हंगाम, परीक्षा विभागात काम करणारा माणूस, कुलपातल्या फाइली! माझ्या डोक्यात चक्रं फिरली. हे आकडे म्हणजे बैठक क्रमांक, आणि हायफननंतरचा आकडा म्हणजे पेपर पहिला की दुसरा, हेही मी ठरवून टाकलं. खरं सांगतो, मला त्यात मजा यायला लागली होती.

मी चाचावर लक्ष ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडत तेव्हा हा खिशातून किल्ली काढून प्रयोगशाळेत जायचा आणि आतून कडी लावायचा. एक दिवस मी दारातच गाठला.

“चाचा, तुमच्या जुन्या पत्त्यावर काय चाललंय?”

त्यानं नजर चुकवली. “काही नाही साहेब. लोकायचं काम हाय थोडंसं.”

“कोणत्या लोकांचं?”

“असेच, बाहेरचे. जाऊ द्या ना साहेब.”

चोराच्या मनात चांदणं, मी म्हटलं. त्याच दुपारी पत्ता बंद केला, फाइली पुराव्यासाठी एका डिस्कवर घेतल्या आणि सर्व्हर मोकळा केला. मग संचालकांना टिपण लिहिलं, की सदर कर्मचाऱ्याचं वर्तन संशयास्पद असून कंत्राट वाढवण्यापूर्वी चौकशी व्हावी. टिपण पाठवलं त्या रात्री मला छान झोप लागली.

रविवारी गावी गेलो, किन्हीराजाला. बाबा ओसरीवर मोबाइल घेऊन वैतागले होते.

“बरं झालं आला. तुमच्या इद्यापीठाचं हे काहून उघडून नाही राह्यलं? तीन दिवस झाले.”

“काय उघडत नाही?”

त्यांनी भिंतीकडं बोट केलं. आमच्याकडं लाइनमनचा, ट्रॅक्टरवाल्याचा, डॉक्टरचा, सगळ्यांचे नंबर विजेच्या बटणांच्या पाटीशेजारी भिंतीवरच लिहिलेले असतात. त्यांच्या खाली बाबांच्या वाकड्या इंग्रजी अक्षरांत मी बंद केलेला तो पत्ता होता. शाई जुनी झाली होती. त्याच भिंतीला टेकून मी कितीदा तरी चहा प्यायलो असेन.

“त्याच्यात गट नंबर टाकला अन् मोबाइलचे शेवटचे चार आकडे टाकले का मातीची चिठ्ठी येते. कोणतं खत, किती टाकाचं, समदं. आता पेरणी आली ना तोंडावर.”

मी भिंतीवरचा पत्ता पुन्हा एकदा वाचला. “आपला गट नंबर किती?”

बाबा माझ्याकडं बघतच राहिले. “एकशे बेचाळीसचा दोन. तुले माहीत नाही?”

मला माहीत नव्हता. ज्या शेतावर मी शिकलो, त्याचा नंबर मी पेपर क्रमांक दोन म्हणून वाचला होता.

“तो कारंज्याचा चाचा लय भला माणूस,” बाबा म्हणाले. “मी माती घेऊन गेलतो तवा तुयं नाव सांगतलं. चहा पाजला त्यानं. म्हणे, काका, साहेबाले नका सांगू, ते बंद करून टाकतीन. म्हणून नाही सांगतलं तुले.”

सोमवारी केंद्र उघडायच्या आधीच पोचलो. पत्ता चालू केला, फाइली परत ठेवल्या आणि संचालकांकडं गेलो. म्हटलं, टिपण मागं घ्यायचंय. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“चार दिवसांत मत कसं बदललं? तुमच्या घरचं कोणी गुंतलंय का यात?”

हा प्रश्न मीही असाच विचारला असता, अगदी याच आवाजात.

“हो,” मी म्हणालो. “माझे वडील.”

त्यांच्यासमोर १४२-२ उघडली. बाबांच्या नंबरचे चार आकडे टाकले. पडद्यावर आमच्या शेताची माती आली: नत्र कमी, स्फुरद मध्यम, आणि खाली चाचाच्या हातची ओळ, ‘काका, शेणखत टाका.’ संचालकांनी ती दोनदा वाचली. चाचाचं कंत्राट वाढलं, प्रयोगशाळेला परवानगीही मिळाली. पण माझं टिपण आवक नोंदवहीत चढलं होतं, त्यामुळं ते त्याच्या फाइलीतून निघालं नाही. ते त्यानं वाचलंय.

मी माफी मागितली. “तुमचं कामच हाय साहेब ते,” तो म्हणाला, आणि तेवढंच.

तेव्हापासून रोज दुपारी तो माझ्या दारात येतो. आत या म्हटलं तरी येत नाही. “साहेब, आज तीन चिठ्ठ्या टाकल्या. रिठदच्या दोन, एक मालेगावची. पाहून घ्या.” मी शंभरदा सांगितलं, चाचा, मला सांगायची गरज नाही. तो “बरं साहेब” म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभा असतो.