खुर्चीवरची मांडी

आमच्या जयनगरच्या घराच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या अक्कांचा ठाम समज आहे की मी हाडांची डॉक्टर आहे. एकदा जिन्यात त्यांनी विचारलं, "दिवसभर घरात बसून तू करतेस तरी काय?" माझ्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या, त्यामुळे मी थोडक्यात आटपलं. म्हटलं, "अक्का, मी कॉम्प्युटरवर हाडं बसवते." झालं. पुढच्याच आठवड्यात त्या त्यांच्या वहिनींच्या खांद्याचा एक्स-रे घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "हा जरा स्वल्प तुझ्या कॅमेऱ्याला दाखव." मी तासभर डोकं फोडून समजावलं की माझ्याकडची माणसं खोटी असतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खाली जाऊन वहिनींना सांगितलं की ही केस तिने नाकारली.

तर खरं काम असं. अ‍ॅनिमेशनच्या सिनेमात जी पात्रं पळतात, रडतात, एकमेकांच्या डोक्यात टपली मारतात, ती आधी नुसते पुतळे असतात. दोन्ही हात पसरून उभे, जणू शिंप्याकडे माप द्यायला आलेत. त्या पुतळ्याच्या आत मी सांगाडा घालते, सांधे बसवते, आणि बाहेरून ओढायला दोऱ्या देते. अ‍ॅनिमेटर त्या दोऱ्या ओढतो, बाहुली नाचते, टाळ्या अ‍ॅनिमेटरला. या सांगाड्याला रिग म्हणतात आणि मला रिगर. आमचं काम चांगलं झालं तर कुणाला दिसत नाही. दिसलंच, तर समजायचं की कुणाचा तरी खांदा निखळलाय.

याला अंगात काय लागतं, असं शेजारपाजारची मुलं विचारतात. थोडं शरीरशास्त्र, थोडं प्रोग्रॅमिंग, आणि म्हशीची चिकाटी. नुसतं हाड घालून भागत नाही, कुठल्या हाडाने कुठली कातडी किती ओढायची हे पडद्यावर त्या कातडीला रंग फासून सांगावं लागतं. मी नवी असताना एक राजा केला होता. महाराजांनी प्रजेला आशीर्वाद द्यायला हात वर केला की पोटही वर जायचं. प्रजेला आशीर्वाद मिळायचा आणि बेंबीही दिसायची.

पगाराचं म्हणाल तर तो प्रश्न बसवनगुडीच्या मावशीने चांगला विचारला होता. ती माझ्यासाठी स्थळ घेऊन आली होती. "पगार किती सांगू त्यांना?"

मी म्हटलं, "काम असेल तेव्हा तुझ्या जावयापेक्षा जास्त. नसेल तेव्हा आईची पेन्शन."

आईने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पण ते खरंच होतं. घरबसल्या परदेशी कामं मिळतात, एका पात्राचे पैसे छान मिळतात, आणि पात्र संपलं की पुढचं येईपर्यंत आपण कोण कुठले. स्थळ गेलं. मावशी अजून रागावलेली आहे.

त्या वर्षी कामं फारच आटली. शेवटी दोन गोष्टी समोर आल्या. मुंबईच्या एका स्टुडिओत पक्की नोकरी, पण रोज ऑफिसात जायचं, म्हणजे मुंबईत राहायचं. दुसरी कॅनडातल्या एका स्टुडिओची, पक्की आणि घरून करायची, पण आधी एक पात्र करून दाखवा, मग बघू. मुंबईवाले उत्तरासाठी मागे लागले होते.

आणि आईचे दोन्ही गुडघे गेले होते. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. आई म्हणायची, "तुझं नोकरीचं एकदा ठरू दे, मग माझ्या गुडघ्यांचं बघू." शिवाय डॉक्टर म्हणाले होते की ऑपरेशननंतर मांडी घालून बसायचं नाही, आणि हे तिने अपमानासारखं मनावर घेतलं होतं. मांडी न घालता माणूस जेवतो कसा, असं तिने त्यांना कन्नडमध्ये विचारलं. मुंबईला चल म्हटलं तर म्हणे, "तिथे अवरेकाई मिळते का?"

"मिळत असेल की."

"सोललेली?"

आमची माणसं शिवाजी महाराजांच्या काळात या कन्नड मुलखात आली, म्हणजे एवढ्या लांबवर घोडे दौडवत आली, आणि त्यांची ही लेक सोललेल्या वालाच्या शेंगांसाठी अडून बसली होती. तोंडाने मात्र मला म्हणायची, "तू जा गं. माझं काय, मी राहीन." मला जायचं नव्हतं. तिला एकटीला टाकून तर नाहीच, पण खरं सांगायचं तर तिच्याशिवाय मलाच करमलं नसतं. भांडायला दुसरं कोण होतं?

तेव्हा सगळा भार त्या कॅनडाच्या पात्रावर. पात्र म्हणजे एक जाडजूड म्हातारी, गावात पाव भाजणारी. घोळदार झगा, वर एप्रन. सोबत सूचना होती की ही बाई बहुतेक सिनेमाभर भट्टीजवळ खुर्चीत बसलेली असते, तेव्हा बसणं नीट जमलं पाहिजे. मी मनात म्हटलं, बसायचंच ना, घरात एक तज्ज्ञ आहे.

आम्ही लोक कुठलीही हालचाल करण्याआधी खऱ्या माणसाचा व्हिडिओ घेतो आणि तो बघून सांधे बसवतो. मी हॉलमध्ये प्लास्टिकची खुर्ची ठेवली. म्हटलं, "आई, खुर्चीत बस." ती बसली. समोरून, बाजूने, मागून मी व्हिडिओ घेतला, आणि मग पाव भाजणाऱ्या म्हातारीच्या मांड्यांमागे हात धुऊन लागले. खुबा बाहेर वळला पाहिजे, झगा गुडघ्यावरून ताणला पाहिजे, पोटरी मांडीखाली दबली पाहिजे. रिगिंगमध्ये हे अवघड काम समजतात. माझं इतकं सुरेख जमलं की मी स्वतःवरच खूश होऊन दुपारी विद्यार्थी भवन हॉटेलात जाऊन डोसा खावा असा बेत केला आणि घरीच उरलेला भात खाल्ला.

शनिवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या शुक्रवारी संध्याकाळी, तपासणीचा कॉल होता. त्यांची प्रमुख बाई आणि एक अ‍ॅनिमेटर. अ‍ॅनिमेटरने माझी म्हातारी खुर्चीत बसवली. पाय खाली सोडून.

काय सांगू. गुडघ्यांच्या जागी पिळलेल्या फडक्यासारखं काहीतरी झालं. झगा खुर्चीतून आरपार खाली गेला. एक पोटरी एप्रनच्या खिशातून बाहेर डोकावली.

"बसवून बघितलं होतंत का?" प्रमुख बाईने फार सभ्यपणे विचारलं.

मला राग आला. आठवडाभर मी दुसरं केलं काय होतं? मी तोऱ्यात म्हटलं, "हे बघा," आणि आईचा व्हिडिओ लावला. पडद्यावर आई आली, खुर्चीत टेकली, आणि दोन्ही पाय वर घेऊन तिने खुर्चीवर ऐसपैस मांडी ठोकली. पदर सावरला. कॅमेऱ्याकडे बघून विचारलं, "झालं?"

अ‍ॅनिमेटर म्हणाला, "या योगा शिकवतात का?"

त्या क्षणी मला कळलं की मी काय करून बसले. आमच्या घरात खुर्चीवर सगळे असेच बसतात. आई तशी, मावशी तशी, खालच्या वहिनी तशाच. मी स्वतः तो कॉल मांडी घालून घेत होते. पाय खाली सोडून आमच्याकडे फक्त मुलगी बघायला आलेले लोक बसतात. बसणं म्हणजे पाय वर घेणं, याखेरीज दुसरं काही असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. प्रमुख बाईने सोमवारी संध्याकाळपर्यंत, म्हणजे आमच्या मंगळवार सकाळपर्यंत, दुरुस्तीला वेळ दिला. ती चांगली होती म्हणून. मी असते तर नसता दिला.

कॉल संपताच मी पुन्हा खुर्ची मांडली. "आई, परत बस. पण पाय खाली सोडून."

"असं कोण बसतं? बसमध्ये बसतात असं."

"मग बसमध्ये बसल्यासारखी बस."

ती बसली. तिचे पाय जमिनीला टेकेनात. ती पर्स मांडीवर घेऊन बसली, कारण बसमध्ये पर्स मांडीवर असते. मी ओरडले, पर्स काढ. ती म्हणाली, आधीच सांगायचं. मग मी म्हटलं, आता ऊठ. ती उठली. परत बस, परत ऊठ. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "बेडा, पुरे आता, कॉफीचं बघते," आणि स्वयंपाकघरात गेली.

मी व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत बघायला लागले, गुडघ्यांवर नजर ठेवून. आणि मग मला दिसायला लागलं. उठण्याआधी ती डावीकडे वळून चष्मा शोधते, आणि चष्मा तिच्या डोळ्यांवरच आहे. ती चष्मा शोधतच नाही, टेबलाची कड शोधते. कडेवर हात टेकते, सगळा भार उजव्या पायावर घेते, मध्येच थांबते, ओठ घट्ट मिटते, आणि मग उठते. डावा पाय नुसता सोबत येतो. मी पहिला व्हिडिओ काढून बघितला. मांडी घालताना तिने डावा पाय दोन्ही हातांनी उचलून वर ठेवला होता, दुसऱ्याचं सामान उचलून ठेवावं तसा. मी तेच तिचं बसणं समजून म्हातारीच्या हातांना इमानदारीत घोटा पकडायला शिकवलं होतं. जगातल्या खोट्या माणसांचे गुडघे बघून पोट भरणारी मी, घरातले हे दोन मला दिसले नव्हते. मला फार वाईट वाटलं, आणि तिचा तितकाच रागही आला.

मी स्वयंपाकघरात गेले आणि सरळ खोटं बोलले. "आई, माझं ठरलं. कॅनडावाल्यांनी घेतलं."

ती डिकॉक्शन ओतत होती. "आज शनिवार ना? सुट्टी नाही त्यांना?"

"त्यांच्याकडे अजून शुक्रवार आहे." हे मात्र खरं होतं.

तिने साखरेचा डबा माझ्यापुढे सरकवला. "सरी, बरं मग," म्हणाली.

अक्कांचे दोन्ही गुडघे पूर्वीच बदलून झालेले. मी त्यांना वर बोलावलं. त्यांनी जिना चढून दाखवला, उतरून दाखवला, पुन्हा चढून दाखवला, आणि स्वतःच फोन लावून त्यांच्या डॉक्टरांकडे आईसाठी तारीख घेतली. आईला म्हणाल्या, "मुलगी घाई करतेय म्हणजे तिने कॅनडाच्या डॉक्टरांना विचारलं असणार." मी नाही म्हटलं नाही.

आता तारीख ठरलेली आणि नोकरीचा पत्ता नाही. मुंबईला मी त्याच दुपारी नकार कळवून टाकला. अक्कल गहाण ठेवणे म्हणजे काय ते मी त्या दिवशी करून बघितलं. मग मात्र बसले, मांडी घालूनच, आणि म्हातारीचे गुडघे पहिल्यापासून बांधले. बसण्याइतकंच तिचं उठणंही केलं. डावीकडे वळणं, टेकू, भार एका पायावर, मधला थांबा, सगळ्याला दोऱ्या दिल्या.

मंगळवारी सकाळी म्हातारी खुर्चीत बसली. झगा झग्यासारखा पडला, गुडघे गुडघ्यांच्या जागी राहिले. अ‍ॅनिमेटरने तिला उठवलं. एकदा, मग परत, मग तिसऱ्यांदा.

"बसते ठीक," प्रमुख बाई म्हणाली. "उठते फार छान. कधीपासून सुरू करू शकाल?"

अ‍ॅनिमेटरने विचारलं, "ते पाय वर घेऊन बसणं अजून आहे का आत?"

"आहे."

"राहू दे. मला हवंय."

मला नाचावंसं वाटत होतं. पण नाचणार कशी? घरात ही बातमी शनिवारपासून शिळी होती. तोंड सरळ करून मी बाहेर आले. टेबलावर केशरीबात होता, म्हणजे केशरी शिरा, तूप सुटलेला, काजू घातलेला.

"हे काय?"

"तुला नोकरी मिळाली ना," आई म्हणाली.

"ती शनिवारी मिळाली."

"शनिवारी तू कॉफीत साखर दोनदा घातलीस आणि तशीच प्यायलीस. नोकरी मिळालेली माणसं अशी नसतात. ती आज मिळाली."

"मग तारीख का घेऊ दिलीस?"

ती माझ्या बशीत आणखी एक चमचा वाढत म्हणाली, "म्हटलं, पोरगी तोंडावर एवढं खोटं बोलतेय, तर माझे गुडघे खरंच वाईट दिसत असतील." मला रडू आलं. ती म्हणाली, थंड होतंय, खा.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांना शिव्या घालत व्यायाम झाले. आता ती पाय खाली सोडून बसते, पाय पुरत नाहीत म्हणून जेवायचा पाट खाली ठेवते. अक्का आणि ती दोघी मिळून संध्याकाळी जिना चढतात-उतरतात, कामाशिवाय.

परवा त्या सिनेमाचा ट्रेलर आला. मी लॅपटॉप आईसमोर धरला. भट्टीशेजारी पाव भाजणारी म्हातारी खुर्चीत मांडी घालून बसलेली. दारावर कुणीतरी येतं. ती दोन्ही हातांनी एक पाय खाली ठेवते, मग दुसरा, डावीकडे काहीतरी शोधल्यासारखं करते, कड पकडते, थांबते, उठते. नाक, रंग, कपडे, आईसारखं काहीच नाही. आणि स्वतःला खुर्चीतून उठताना कोण कधी बघतं?

आईने कपाळाला आठ्या घातल्या. "हिचे गुडघे गेलेत."

"हो?"

"तर काय. मला कळत नाही का? चष्मा शोधायचं नाटक करतेय बघ." पाटावरचे पाय तिने जरा हलवले. "तुझी ओळख आहे ना हिच्याशी? सांग तिला, पोरांच्या काळजीने थांबू नकोस म्हणावं. करून घे."

"सांगते," मी म्हणाले.